खुष्कीच्या वाटेने गेलेला दर्यावर्दी : हॅनिबल

भूमध्य समुद्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, आज ज्या देशाला आपण लेबनॉन म्हणतो त्याच्या किनाऱ्यावर सूर, सैदा आणि जुबैल अशी तीन जुनी शहरे आहेत. शाळेच्या पुस्तकांत ती टायर, सायडन आणि बिब्लॉस या नावांनी येतात. पण तेथील लोकांच्या तोंडची अरबी नावेच मूळ नावांना अधिक जवळची आहेत. मागे उंच डोंगर, पुढे समुद्र आणि मध्ये पोटाला पुरेल न पुरेल अशी जमिनीची चिंचोळी पट्टी, असा हा मुलूख. कोकणात वाढलेल्या वाचकाला हे चित्र निराळे समजावून सांगावयास नको. जमीन पोसत नाही तेव्हा माणूस समुद्राकडे वळतो. डोंगरावर देवदाराची झाडे होती, त्यांची त्यांनी गलबते बांधली. किनाऱ्यावर एका जातीच्या समुद्री गोगलगायी मिळत, त्यांच्यापासून त्यांनी जांभळा रंग काढला. हा रंग राजेरजवाड्यांनाच परवडे, आणि त्याचे कारणही तसेच होते. इ. स. १९०९ मध्ये एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने असा रंग काढून पाहिला, तेव्हा १२,००० गोगलगायींपासून त्याला दीड ग्रॅमदेखील रंग मिळाला नाही! या रंगावरूनच ग्रीकांनी या लोकांना फिनिशियन हे नाव दिले असावे, असे बरेच विद्वान मानतात.

पण फिनिशियनांची खरी देणगी रंगाची नव्हे, अक्षरांची आहे. व्यापाऱ्याला हिशेब झटपट लिहावा लागतो. मिसर आणि इराक या देशांतील शेकडो चिन्हांच्या लिप्या शिकण्यात आयुष्य खर्ची घालणे त्याला परवडत नाही. फिनिशियनांनी अवघ्या बावीस अक्षरांवर काम भागविले आणि ती अक्षरे गलबतांतून देशोदेशी नेली. ग्रीकांनी ती उचलली, ग्रीकांकडून रोमनांकडे गेली, आणि आज इंग्रजी ज्या अक्षरांत लिहिली जाते ती त्यांचीच वंशज आहेत. दुसऱ्या शाखेने अरामी लिपीच्या वाटेने अरबी लिपी जन्मास आली. मूल मकतबात अलिफ, बे म्हणते आणि ग्रीक मूल अल्फा, बीटा म्हणते, तेव्हा दोघेही एकाच जुन्या पाटीवर बोट फिरवीत असतात.

हे लोक किती दूरवर जात असत? मिसरचा राजा नेको याने इ. स. पू. ६०० च्या सुमारास फिनिशियन खलाशांना तांबड्या समुद्रातून दक्षिणेकडे धाडले आणि ते आफ्रिकेला वळसा घालून तिसऱ्या वर्षी भूमध्य समुद्रातून परत आले, अशी हकीकत ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने दिली आहे. पश्चिमेकडे जाताना सूर्य आपल्या उजव्या हाताला होता, असे त्या खलाशांनी सांगितले. हिरोडोटसला ते पटले नाही. पण विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला गेलेल्या माणसाला सूर्य तसाच दिसणार, आणि म्हणून ज्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसला नाही तीच आज त्या सफरीचा सर्वांत मोठा पुरावा मानली जाते.

अशा या लोकांच्या वंशात जन्मलेल्या, पण जगाच्या स्मरणात समुद्रासाठी नव्हे तर बर्फाच्छादित पर्वत ओलांडण्यासाठी राहिलेल्या एका माणसाची ही चरित्रकथा आहे. त्याचे नाव हॅनिबल. यापुढे दिलेली साले, वेगळे सांगितले नसेल तेथे, इसवी सनापूर्वीची समजावीत.

सूर शहरातील लोकांनी आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या ट्यूनिसजवळ, एक वसाहत केली. परंपरेने त्याचे साल ८१४ सांगितले जाते. तिचे नाव कर्त-हदश्त, म्हणजे नवे शहर. यातील कर्त हा शब्द अरबी करिया, म्हणजे गाव, याचा भाऊबंद आहे; आणि हदश्त हा, ज्या धातूपासून हदीस हा शब्द आला, त्याच धातूचा आहे, कारण त्या धातूचा मूळ अर्थ नवे असणे हाच होय. रोमनांच्या तोंडी या नावाचे कार्थेज झाले. पुढे मूळ सूर शहर परकीय राजांच्या ताब्यात गेले आणि फिनिशियनांच्या समुद्री साम्राज्याची सूत्रे कार्थेजकडे आली. आता आता, इ. स. २०२५ मध्ये, जुन्या थडग्यांतील हाडांच्या अभ्यासावरून असे प्रसिद्ध झाले आहे की, कार्थेज व तिच्या वसाहतींतील बहुतेक माणसांचे रक्त लेबनॉनचे नव्हतेच. ती सिसिलीकडील, ग्रीकांकडील आणि उत्तर आफ्रिकेतील माणसे होती. म्हणजे पूर्वेकडून आलेली मूठभर माणसे, आणि त्यांची भाषा, लिपी व दर्यावर्दीपणा सर्वांनी आपलासा केलेला!

हॅनिबलचा जन्म २४७ मध्ये झाला. त्याच्या नावाचा अर्थ बअलची कृपा. हा बअल म्हणजे त्या लोकांचे दैवत. हजरत इलियास यांच्या संदर्भात कुरआन शरीफमध्ये ज्या बअलचा निषेध आला आहे त्याच नावाचे. वडिलांचे नाव हामिल्कार आणि त्यांचे उपनाव बार्का. बार्का म्हणजे वीज. अरबीतला बर्क तो हाच. हामिल्कार सेनापती होते आणि मुलगा जन्मला त्या वर्षी सिसिली बेटात रोमनांशी लढत होते.

ते युद्ध २६४ मध्ये सुरू झाले तेव्हा रोमनांजवळ सांगण्यासारखे आरमार नव्हते. कार्थेजचे एक लढाऊ गलबत किनाऱ्यावर रुतून त्यांच्या हाती लागले. तोच नमुना समोर ठेवून त्यांनी शंभर गलबते बांधली, आणि ती बांधून होईपर्यंत वल्हेकऱ्यांना कोरड्या जमिनीवर बाके मांडून वल्ही मारण्याचे शिक्षण दिले. कार्थेजचे लोक हे ऐकून हसले असतील. पण तेवीस वर्षे चाललेल्या त्या युद्धाच्या शेवटी, २४१ मध्ये, सिसिलीच्या पश्चिमेस एगाडी बेटांजवळ कार्थेजचे आरमार बुडाले ते याच शेतकऱ्यांच्या हातून. त्या लढाईतील गलबतांच्या नाळेवरील काशाच्या टकरा इ. स. २००४ पासून समुद्रतळातून वर काढल्या जात आहेत. वीसहून अधिक निघाल्या असून एकीवर फिनिशियन लिपीतला मजकूर आहे. जवळच मार्साला येथे इ. स. १९७१ मध्ये त्या काळचे एक कार्थेजी गलबत सापडले. त्याच्या फळ्यांवर सुतारांनी अक्षरे लिहून ठेवली होती, कोणती फळी कोठे बसवावयाची ते दाखविण्यासाठी. लिपी आणि गलबत, या लोकांच्या दोन्ही विद्या एका फळीवर.

तहात सिसिली गेली आणि ३,२०० टॅलंट चांदी द्यावी लागली. एक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो. पाठोपाठ पगार थकलेल्या भाडोत्री सैनिकांनी बंड केले. त्या गडबडीचा फायदा घेऊन रोमने सार्डिनिया बेटही गिळले आणि वर आणखी १,२०० टॅलंट मागितले. पण चांदीपेक्षा मोठे नुकसान निराळेच होते. पश्चिम भूमध्य समुद्र आता रोमचा झाला होता. ज्या पाण्यावर फिनिशियनांनी शेकडो वर्षे धनीपणा केला, त्या पाण्यावर आता त्यांना रोमच्या नजरेखाली वावरावे लागणार होते. हॅनिबलचे पुढचे सारे आयुष्य या एका गोष्टीने घडविले. त्याच्या पराक्रमाच्या कथा सांगताना ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

सन २३७ मध्ये हामिल्कार स्पेनकडे निघाले. तेथील चांदीच्या खाणींवर नुकसान भरून काढावे हा त्यांचा बेत. नऊ वर्षांचा हॅनिबल बरोबर येण्यासाठी हट्ट धरून बसला. वडिलांनी त्याला वेदीपाशी नेले आणि रोमशी कधीही मैत्री करणार नाही अशी शपथ त्याच्याकडून घेतली. ही कथा खुद्द हॅनिबलनेच चाळीसहून अधिक वर्षांनी एका राजाला सांगितली, तेव्हा ती अगदीच दंतकथा म्हणता येत नाही. आफ्रिकेचा किनारा धरून पश्चिमेला जाऊन ते सामुद्रधुनीपाशी पोहोचले आणि पलीकडे उतरले. सुमारे साडेनऊशे वर्षांनी तारिक बिन झियाद तीच सामुद्रधुनी ओलांडणार होते आणि तेथल्या डोंगराला जबल तारिक, म्हणजे जिब्राल्टर, हे नाव मिळणार होते.

हॅनिबल स्पेनमध्ये छावणीत वाढला. पण अडाणी वाढला नाही. हे पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. सोसिलस नावाचा ग्रीक विद्वान त्याला ग्रीक शिकवीत असे आणि पुढे युद्धातही तो त्याच्याबरोबर राहिला. उतारवयात हॅनिबलने ग्रीक भाषेत पुस्तके लिहिली. परक्या भाषेत पुस्तक लिहिण्याइतकी तयारी असलेला सेनापती त्या काळी काय किंवा कोणत्याही काळी काय, विरळाच.

वडील नदीत बुडून वारले. त्यानंतर मेहुणा हास्द्रुबल सेनापती झाला. त्याने स्पेनच्या किनाऱ्यावर आणखी एक नवे शहर वसविले. आज त्याला कार्टाहेना म्हणतात. त्याचा खून झाल्यावर, २२१ मध्ये, सैन्याने सव्वीस वर्षांच्या हॅनिबलला सेनापती निवडले. दोन वर्षांनी त्याने रोमचे मित्र असलेले सागुंतुम शहर आठ महिने वेढून घेतले. शहर पडल्यावर तेथील प्रौढ पुरुषांची कत्तल झाली. हॅनिबलची बाजू घेणाऱ्याने हे लपवू नये. रोमने युद्ध पुकारले.

येथे विद्यार्थिमित्रांनी नकाशा उघडून पाहावा. स्पेनहून इटलीला जावयाचे तर सरळ वाट समुद्राची. पण रोमनांनी त्या वर्षी २२० मोठी लढाऊ गलबते सज्ज केली होती आणि हॅनिबलजवळ स्पेनमध्ये माणसांनिशी तयार अशी अशा गलबतांची संख्या होती बत्तीस. पन्नास-साठ हजार माणसे, घोडे आणि हत्ती गलबतांत भरून निघणे म्हणजे त्यांना जलसमाधी देणे होय. म्हणून दर्यावर्दी लोकांचा हा सेनापती खुष्कीच्या वाटेने निघाला. आल्प्स ओलांडणे हे नुसते साहस नव्हते. समुद्राची वाट बंद असल्याचा तो परिणाम होता.

सन २१८ च्या वसंतात तो कार्टाहेनाहून निघाला. पिरेनीज पर्वत ओलांडला तेव्हा बरोबर ५०,००० पायदळ, ९,००० घोडदळ आणि सदतीस हत्ती होते. ऱ्होन नदीवर हत्ती पाण्याला बिचकले. मग मोठे तराफे एकमेकांना बांधून त्यांवर माती पसरली, जमीन आहे असे भासविले आणि दोन हत्तिणींना पुढे घातले. त्यांच्या मागोमाग इतर हत्ती तराफ्यांवर चढले. काही मध्येच घाबरून पाण्यात पडले आणि सोंड वर धरून पैलतीराला लागले. त्यांचे माहूत मात्र बुडाले. पोलिबियस हा ग्रीक इतिहासकार या माहुतांना भारतीय या शब्दानेच ओळखतो. ते खरोखर आपल्याकडचे होते, की हत्ती हाकणाऱ्याला सरसकट तेच नाव पडले होते, याविषयी मतभेद आहेत. पण दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्सच्या नदीत हत्तीवर बसलेल्या माणसाला लोक भारतीय म्हणत होते, ही गंमत खरीच.

आल्प्सची चढउतार पंधरा दिवसांची. वरून डोंगरी टोळ्या दगड लोटीत होत्या, खाली कोवळ्या बर्फाखाली जुना घट्ट बर्फ होता, पाय ठरत नव्हता. एके ठिकाणी कडाच कोसळून वाट नाहीशी झालेली; तेथे नुमिडियाच्या, म्हणजे आजच्या अल्जीरियाकडच्या, सैनिकांनी वाट खोदून काढली. इटलीच्या सपाटीवर उतरला तेव्हा हॅनिबलजवळ २०,००० पायदळ आणि ६,००० घोडदळ उरले होते. हा आकडा शत्रूचा नाही, त्याचाच आहे. पुढे इटलीच्या दक्षिण टोकाला लासिनियम येथील देवळात त्याने काशाच्या पत्र्यावर आपल्या सैन्याची नोंद फिनिशियन आणि ग्रीक अशा दोन भाषांत कोरवून ठेवली. पोलिबियसने ती स्वतः वाचून आकडे घेतले. तो पत्रा आज नाही.

पुढच्या तीन मोठ्या लढाया जगातील सैनिकी विद्यालयांत आजही शिकविल्या जातात, म्हणून येथे त्यांचा उल्लेखच पुरे. ट्रेबिया नदीवर कडाक्याच्या थंडीत, ट्रासिमेने सरोवराकाठी धुक्यात, आणि २ ऑगस्ट २१६ रोजी कॅनीच्या मैदानावर भर उन्हात त्याने रोमन सैन्ये बुडविली. मधल्या काळात दलदल तुडविताना डोळा दुखून तो एका डोळ्याने अधू झाला. तेव्हा तो उरलेल्या एकुलत्या एक हत्तीवर बसून प्रवास करीत होता. कॅनी येथे रोमनांची संख्या ८०,००० च्या वर, त्याची ५०,००० च्या आसपास. तरी त्याने मधली फळी मुद्दाम मागे झुकवून शत्रूला आत घेतले आणि चारी बाजूंनी कोंडले. त्या एका दिवसात किती रोमन पडले? लिव्ही सुमारे ४८,००० म्हणतो, पोलिबियस ७०,०००.

मग तो रोमवर का गेला नाही? घोडदळाचा सरदार महर्बाल याने त्याच दिवशी तसा आग्रह धरला होता, अशी कथा आहे, आणि तेव्हापासून घरात बसून इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकाने हॅनिबलला हा दोष दिला आहे. मला तो दोष पटत नाही. तटबंदी असलेल्या शहराला वेढा घालावयाचा तर यंत्रे पाहिजेत, धान्य पाहिजे, महिनोन्महिने चालणारी रसद पाहिजे. आणि रसद आणावयाची तर बंदर पाहिजे. कॅनीच्या विजेत्याजवळ एकही चांगले बंदर नव्हते. कार्थेजहून त्याला म्हणण्यासारखी कुमक मिळाली ती एकदाच, २१५ मध्ये, लोक्री गावी. तिकडे सभागृहात हान्नोचा पक्ष त्याच्या विरुद्ध होता. हॅनिबल जिंकतच आहे तर त्याला पैसे कशाला हवेत, आणि हरत असेल तर द्यावेत कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. असे हिशेबी लोक सर्व देशांत सर्व काळी असतात.

बंदर मिळावे म्हणून त्याने केलेली एक खटपट मला कॅनीपेक्षाही अधिक बोलकी वाटते. दक्षिण इटलीतील टॅरेंटम हे उत्तम बंदर २१२ च्या सुमारास रात्रीच्या छाप्यात त्याच्या हाती आले. पण बंदराच्या मुखावरचा किल्ला रोमनांकडेच राहिला. शहर आपले, गलबते आपली, आणि ती आत कोंडलेली! हॅनिबलने शहराचा सपाट रस्ता पाहिला, गाड्या जोडविल्या, गलबते पाण्याबाहेर ओढून गाड्यांवर चढविली आणि शहरातून ओढत नेऊन पलीकडच्या समुद्रात सोडली. काही दिवसांतच ती किल्ल्यासमोर जाऊन उभी राहिली. गलबतांनासुद्धा त्याने खुष्कीने चालविले. पण किल्ला काही पडला नाही.

अशी पंधरा वर्षे तो परक्या मुलखात राहिला. त्याच्या सैन्यात आफ्रिकी, स्पॅनिश, गॉल, इटालियन, ग्रीक अशी नाना जातींची आणि भाषांची माणसे होती. पगार वेळेवर मिळण्याची खात्री नव्हती. तरी त्याच्याविरुद्ध एकदाही बंड झाले नाही, हे पोलिबियसने मोठ्या आश्चर्याने नोंदविले आहे. वडिलांच्या काळी याच कार्थेजच्या भाडोत्री सैनिकांनी राजधानीच धोक्यात आणली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. इकडे रोमनांनी समोरासमोर लढाई टाळण्याचे धोरण धरले. स्पेनहून मदतीला येणारा सख्खा भाऊ हास्द्रुबल २०७ मध्ये मेटॉरस नदीवर मारला गेला आणि त्याचे शिर हॅनिबलच्या छावणीपुढे फेकण्यात आले. त्या शिरावरूनच भाऊ इटलीत पोहोचला होता हे त्याला समजले.

सिपिओ हा तरुण रोमन सेनापती आफ्रिकेत उतरला, तेव्हा कार्थेजने हॅनिबलला परत बोलाविले. नऊ वर्षांचा असताना सोडलेल्या शहराच्या रक्षणासाठी तो पंचेचाळिशीच्या घरात परतला. सन २०२ मध्ये झामा येथे लढाई झाली. ज्या नुमिडियन घोडेस्वारांच्या जोरावर त्याने कॅनी जिंकली, ते आता बहुतांशी राजा मासिनिसाबरोबर रोमच्या बाजूला होते. त्यांनीच मागून येऊन निकाल लावला.

तहाची कलमे कडक होती. पन्नास वर्षांत १०,००० टॅलंट चांदी, हत्ती सारे रोमला, रोमच्या परवानगीवाचून युद्ध करावयाचे नाही, आणि लढाऊ गलबते फक्त दहा ठेवावयाची. बाकीचे आरमार सिपिओने बंदराबाहेर नेऊन पेटविले. वल्ह्यांची लहानमोठी पाचशे गलबते होती, असे काहींनी लिहून ठेवले आहे. शहरातील लोक तटावर उभे राहून पाहत होते. कार्थेजच जळत आहे असे त्यांना वाटले, हे रोमन इतिहासकाराने लिहिले आहे. आणि शत्रूच्या लेखणीतून उतरलेले हे वाक्य म्हणून अधिक खरे मानावे.

याच्या पुढची हकीकत मोठी विलक्षण आहे. खंडणीचा पहिला हप्ता भरण्याची वेळ आली, श्रीमंतांना थैल्या सोडाव्या लागल्या, तेव्हा सभागृहात रडारड सुरू झाली. हॅनिबल हसू लागला. लोकांनी त्याला दूषण दिले की, हे संकट ज्याने आणले तोच हसतो आहे. त्याने उत्तर दिले त्याचा आशय असा की, हे हसू आनंदाचे नाही. रडावयाचे होते ते आरमार जळाले त्या दिवशी. सार्वजनिक नुकसान झाले तेव्हा कोणी टिपूस गाळले नाही आणि आता स्वतःच्या खिशाला हात लागला म्हणून हे अश्रू.

हा नुसता टोमणा नव्हता. सन १९६ मध्ये तो शुफेत, म्हणजे शहराचा निवडून आलेला मुख्य न्यायाधीश व कारभारी झाला, आणि त्याने जमाखर्चाच्या वह्या मागविल्या. जमिनीचे व बंदराचे उत्पन्न किती, खर्च किती, आणि मध्ये कोणी किती खाल्ले, याचा त्याने छडा लावला. गळती थांबविली तर एकही नवा कर न बसविता खंडणी भरता येईल, असे त्याने दाखवून दिले. तहहयात पदावर बसलेल्या न्यायमंडळाची निवडणूक दरवर्षी व्हावी, आणि कोणी लागोपाठ दोन वर्षे राहू नये, असा कायदा केला. परिणाम असा की, तहानंतर दहा वर्षांनी, १९१ मध्ये, कार्थेजने उरलेली सारी खंडणी एकरकमी देऊ केली. रोमने ती घेतली नाही. ऋणको पन्नास वर्षे ऋणकोच राहिलेला त्यांना बरा वाटत होता. माझ्या मते हॅनिबलचा सर्वांत मोठा विजय हा होय. त्यासाठी कोणाचे रक्त सांडावे लागले नाही.

ज्यांच्या खाण्यावर गदा आली त्यांनी मात्र त्याला माफ केले नाही. रोमला पत्रे गेली. तो पुन्हा युद्धाची तयारी करीत आहे असे कळविले गेले. सन १९५ मध्ये रोमचे वकील येऊन दाखल झाले. हॅनिबल दिवसभर चौकात सर्वांना दिसेल असा वावरला. संध्याकाळी दोन सोबत्यांसह वेशीबाहेर पडला, तयार ठेवलेल्या घोड्यांवरून रात्रभर दौडत समुद्रकाठच्या आपल्या गढीवर आला आणि तेथून गलबतात बसला. केर्केना बेटावर फिनिशियन व्यापाऱ्यांची गलबते नांगरलेली होती. तेथील लोकांनी त्याला ओळखले. एखादे गलबत लगेच निघून कार्थेजला बातमी देणार, हे त्याने जाणले. त्याने सर्व तांडेलांना मेजवानी दिली आणि दिवस उन्हाचा आहे, सावलीला तुमची शिडे द्या, म्हणून सगळ्यांची शिडे व काठ्या किनाऱ्यावर मागवून घेतल्या. मेजवानी रात्री उशिरापर्यंत चालली. पाहुणे झोपेतून उठून आपापली शिडे गलबतांवर चढवीपर्यंत हॅनिबल कितीतरी दूर गेला होता.

तो गेला कोठे? सूर शहरात. सहाशे वर्षांपूर्वी जेथून त्याच्या लोकांची गलबते निघाली होती त्याच बंदरात तो निर्वासित म्हणून उतरला, आणि तेथील लोकांनी आपल्या नामवंत लेकराप्रमाणे त्याचे स्वागत केले. तिकडे कार्थेजमध्ये त्याचे घर पाडण्यात आले.

सिरियाचा राजा तिसरा अँटिओकस याने त्याला आश्रय दिला, परंतु सल्ला मानला नाही. रोमशी युद्ध जुंपल्यावर हॅनिबलला फिनिशियाच्या किनाऱ्यावर गलबते जमविण्यास पाठविले. अशा रीतीने आयुष्यात प्रथमच, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, १९० मध्ये, त्याने आपल्या पूर्वजांच्या आरमाराचे नेतृत्व केले. दक्षिण तुर्कस्तानातील सिदे बंदरासमोर ऱ्होड्स बेटाच्या कसलेल्या खलाशांनी त्याला हरविले. अँटिओकसही हरला आणि हॅनिबलला स्वाधीन करण्याचे कलम तहात आले. मग क्रीट, कोणी म्हणतात आर्मेनिया, आणि शेवटी मार्मारा समुद्राकाठचा बिथिनिया. तेथला राजा प्रुसियास याच्यासाठी त्याने एक समुद्री लढाई जिंकून दिली. मडक्यांत साप भरून ती शत्रूच्या गलबतांवर फेकण्याची युक्ती त्याने त्या वेळी वापरली, असे सांगतात. बुर्सा शहराची स्थापनाही त्यानेच केली, अशी नोंद रोमन लेखक प्लिनी करतो. हेच बुर्सा इ. स. १३२६ मध्ये उस्मानी तुर्कांनी घेतले आणि त्यांची राजधानी झाली.

सन १८३ च्या सुमारास रोमचा वकील फ्लामिनिनस बिथिनियाला आला. पाहुण्याचे रक्षण करण्याची हिंमत प्रुसियासला झाली नाही. लिबिसा येथील हॅनिबलच्या घराला बाहेर पडण्याच्या सात वाटा होत्या. सगळ्यांवर पहारे बसलेले दिसले. जवळ बाळगलेले विष घेऊन त्याने जीवन संपविले. वय चौसष्टच्या आसपास. त्याला हरविणारा सिपिओही जवळपास त्याच वर्षी वारला, आणि तोही रोमवर रुसून, दूर गावी.

सदतीस वर्षांनी, १४६ मध्ये, रोमनांनी कार्थेज जाळले. शहरातील ग्रंथसंग्रह त्यांनी आफ्रिकेतील राजांना वाटून टाकले. मागो या लेखकाचा शेतीवरचा अठ्ठावीस भागांचा एक ग्रंथ तेवढा उपयोगाचा वाटला, म्हणून सिनेटने त्याचे भाषांतर करविले. तेही आज तुकड्यांतच उरले आहे. बाकीची पुस्तके नाहीशी झाली. हॅनिबलची ग्रीक पुस्तके नाहीत, सोसिलसने लिहिलेल्या त्याच्या हकीकतीचा एक फाटका कागद तेवढा मिळाला आहे. ज्यांनी जगाला लिहावयास शिकविले त्यांच्या सर्वांत मोठ्या पुत्राचे चरित्र आपल्याला रोमनांच्या आणि रोमनांच्या आश्रयाने राहिलेल्या ग्रीकांच्या पुस्तकांतून वाचावे लागते.

लिबिसा म्हणजे आजचे गेब्झे, इस्तंबूलच्या पूर्वेस. मूळ थडग्याचा पत्ता लागलेला नाही. मुस्तफा कमाल अतातुर्क यांची तेथे हॅनिबलचे स्मारक व्हावे अशी इच्छा होती, ते इ. स. १९८१ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तेथल्या एका टेकडीवर उभारण्यात आले.